मातीतल्या मोकळ्या जागा

श्रावणात पावसाने उघडीप दिली तशी मी तेलाचा रिकामा डबा, तळ कापून, इंदूरच्या कान्ह नदीकाठच्या आमच्या छोट्या बगीच्यात नेला. करंजाखाली पाचोळा बाजूला सारून तो जमिनीत दाबला आणि तांब्याभर पाणी ओतलं. बघता बघता जिरलं. मग तोच डबा झोपाळ्याजवळच्या तुडवलेल्या जागी रोवला. घरी जाऊन चहा घेऊन आलो, तरी पाणी तसंच!

माती दोन्हीकडे एकच, माळव्याची काळी. फरक आतल्या पोकळ्यांचा. कुजलेल्या मुळांच्या नळ्या, गांडुळांची बिळं यांतून पाणी खाली उतरतं. पावलांखाली त्या दबून बुजतात. काळ्या मातीतले चिकण कण पाणी पिऊन फुगतात. उन्हाळ्यातल्या भेगा पहिल्या सरी गिळतात आणि मिटतात. पुढचा पावसाळा सगळा या बारीक वाटांवरच निभावतो.

आमच्याकडे बैठी घरं जाऊन मल्टी, म्हणजे बहुमजली इमारती, उभ्या राहताहेत. अंगणं गेली, त्यामुळे मुलं, आजी-आजोबा सगळे बगीच्यातच येतात. आलेच पाहिजेत. पण अर्ध्या एकरावर ५० मिलिमीटर पाऊस पडला की साधारण १ लाख लिटर पाणी होतं. सिमेंटवरून ते जवळजवळ सगळं, रस्त्यावरचं तेल आणि धूळ घेऊन, थेट कान्हमध्ये जातं.

म्हणून बगीचा नव्याने करायचा म्हटलं की मी नकाशात आधी पेव्हर ब्लॉक कुठे आहेत ते बघतो. त्यांच्याखाली रोलर फिरतो, माती कायमची घट्ट होते. शिवाय काळी माती फुगते-आकसते, तसे ब्लॉकही वरखाली होतात. चालायला एकच ठरलेली वाट पुरे. झोपाळे आणि व्यायामाची उपकरणं रस्त्याच्या बाजूला हवीत. नदीकडच्या उतारावर वाळा, करंज, जांभूळ, उंबर लावावेत, त्यांची मुळं काठ धरून ठेवतात. उभी भिंत बांधली तर पात्र अरुंद होतं, पुराचा वेग वाढतो आणि पाणी भिंतीचाच पाया खणू लागतं. होळकर दरबारासाठी १९१८ साली केलेल्या अहवालात स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडेस यांनी नदी स्वच्छ करून काठाने बगीचे राखायला सांगितलं होतं. मला तो सल्ला आजही तितकाच पटतो.

राहिला पाचोळा. स्वच्छतेत देशात पहिलं येणाऱ्या आपल्या इंदूरला झाडूचा अभिमान आहे, मलाही आहे. पण झाडाखालचं पानन् पान उचललं तर गांडुळांनी खायचं काय? झाडणाऱ्या मावशींना हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "पटतंय हो, पण साहेब आले तर बोलणी मलाच बसतील." आता करंजाभोवती दगडांचं कडं केलंय आणि पाटी लावलीय: 'हा पाचोळा मुद्दाम ठेवला आहे.'