ईमेल गळतीच्या यादीत दिसत नाही, तेव्हा नेमके काय कळते?

ऑक्टोबर २०१३ मध्ये फोटोशॉप बनवणाऱ्या ॲडोबी कंपनीने २९ लाख ग्राहकांची माहिती चोरीला गेल्याचे जाहीर केले. काही आठवड्यांत इंटरनेटवर फिरू लागलेल्या फाइलमध्ये मात्र १५ कोटींहून अधिक नोंदी निघाल्या. त्याच वर्षी ४ डिसेंबरला ऑस्ट्रेलियातील सुरक्षातज्ज्ञ ट्रॉय हंट यांनी ‘हॅव आय बीन पोन्ड’ हे संकेतस्थळ सुरू केले; आपला ईमेल चोरीला गेलेल्या माहितीत आहे का, ते तिथे तपासता येते. आत पाचच गळत्या होत्या: ॲडोबी, स्ट्रॅटफॉर, गॉकर, याहू व्हॉइसेस आणि सोनी. आज अशा कोणत्याही सेवेत ईमेल टाकला की घडते तेच, जे तेव्हा घडत होते. हाती आलेल्या फाइलींमध्ये तो पत्ता आहे की नाही, एवढेच पाहिले जाते. चोरी झाली, पण फाइल बाहेर आली नाही, तर सेवेला काही कळायला मार्गच नाही.

लिंक्डइनचे उदाहरण बघा. जून २०१२ मध्ये तिथले सुमारे ६५ लाख पासवर्ड-हॅश, म्हणजे पासवर्डपासून गणिताने बनवलेल्या सांकेतिक अक्षरमाला, उघड झाले. खरी चोरी किती मोठी होती ते मे २०१६ मध्ये कळले, १६.४ कोटी ईमेल पत्त्यांचा साठा विक्रीला आला तेव्हा. म्हणजे २०१४ मध्ये तपासणाऱ्याला ‘सापडले नाही’ असेच उत्तर मिळत होते आणि पासवर्ड मात्र दोन वर्षांपासून चोराकडे होता. लोकांच्या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या एक्विफॅक्स या अमेरिकी कंपनीतील २०१७ च्या चोरीत सुमारे १४.७ कोटी अमेरिकनांची माहिती गेली, मुख्यतः नावे, जन्मतारखा आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक (तिथला सरकारी ओळख क्रमांक). तो साठा खुल्या बाजारात आलाच नाही. ईमेलवर चालणाऱ्या शोधात तो दिसणार तरी कसा? फेसबुकच्या २०२१ मध्ये पसरलेल्या ५३.३ कोटी नोंदींत ईमेल जेमतेम २५ लाख होते, बाकी फोन क्रमांक. त्यानंतरच हंट यांनी फोन क्रमांकाने शोधण्याची सोय दिली; संकेतस्थळावर ती २०२५ पर्यंत होती.

काही नोंदी मुद्दाम दाखवल्या जात नाहीत. विवाहबाह्य संबंध जुळवणाऱ्या ॲशली मॅडिसन या साइटच्या २०१५ मधील गळतीनंतर कुणीही दुसऱ्याचा पत्ता टाकून त्याचे खासगी आयुष्य उकरू नये म्हणून अशा गळत्या ‘संवेदनशील’ ठरवल्या गेल्या. त्या पाहायच्या तर पत्ता आपलाच असल्याचे ईमेलवर आलेल्या दुव्याने सिद्ध करावे लागते. हे बंधन योग्यच आहे. पण साध्या शोधात अशी नोंद येत नाही, हे अनेकांना माहीतच नसते.

‘हॅव आय बीन पोन्ड’वर पासवर्डची तपासणी वेगळी चालते. २०१८ पासून पासवर्डचा एसएचए-१ या पद्धतीचा ४० अक्षरी हॅश आपल्याच यंत्रावर काढला जातो आणि त्याची फक्त पहिली पाच अक्षरे सर्व्हरकडे जातात. इंग्रजी ‘पासवर्ड’ या शब्दासाठी ती ‘५ बी ए ए ६’ आहेत. त्या पाचांनी सुरू होणारे सगळे हॅश परत येतात आणि जुळणी आपल्याकडेच होते. त्यामुळे सेवेला पासवर्ड कळत नाही. मर्यादा अशी, की जुळणी तंतोतंत लागते. शेवटी एक आकडा जोडला की हॅश पूर्ण बदलतो आणि बहुधा ‘नाही’ असे उत्तर येते. हल्लेखोरांची साधने मात्र नेमके असेच आकडे जोडून पाहतात.

‘सापडले’ या उत्तरातही अडचण आहे. जानेवारी २०१९ च्या ‘कलेक्शन #१’ मध्ये ७७.३ कोटी पत्ते होते. तो अनेक जुन्या गळत्यांची सरमिसळ करून बनवलेला साठा होता. त्यात नाव आले तरी कोणत्या साइटचा पासवर्ड बदलायचा ते कळत नाही. तोच पासवर्ड जिथे जिथे वापरला असेल तिथे सगळीकडे बदलावा लागतो.

तपासताना प्रत्येक पत्ता वेगळा टाकावा: जुना, कार्यालयीन आणि अधिक चिन्ह (+) लावून बनवलेला उपपत्ताही, कारण शोध अक्षर न् अक्षर जुळवून चालतो. नोंद सापडली तर दोन तारखा पाहाव्यात, गळतीची आणि यादीत भरल्याची. मधल्या काळात त्या खात्यात आलेले अनोळखी लॉगिन, बदललेला पर्यायी ईमेल आणि मेल परस्पर दुसरीकडे पाठवणारे नियम तपासावेत.