सुईवरची जाळी : भेटीच्या स्कार्फमागचा इतिहास

लोकरीचा स्कार्फ गळ्याभोवती घ्यावा असे गोव्याचे हवामान नाही. तरीही फोंडा, म्हापसा, मडगाव भागातील अनेक घरांत आजही दोन सुया आणि बारीक लोकरीचा गुंडा दिसतो, कारण तो स्कार्फ गोव्यात वापरायचा नसतो. १९६१ पूर्वी पोर्तुगीज प्रजाजन असलेल्या गोमंतकीयांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळवण्याची वाट मोकळी राहिली, आणि त्या वाटेने कितीतरी कुटुंबांतील मुले लिस्बनला व ब्रेक्झिटपूर्वी इंग्लंडमधील स्विंडनसारख्या शहरांत जाऊन स्थिरावली. थंड मुलखात राहणाऱ्या सुनेला किंवा भाचीला पाठवण्यासाठी मामी-मावश्या विणतात तो नाजूक, जाळीदार स्कार्फ मुळात थंड मुलखातच जन्मलेला आहे.

प्रथम एक घोळ दूर केला पाहिजे. आपल्याकडे ‘लेस’ या एका शब्दात तीन वेगळी कामे कोंबली जातात. लहान लाकडी दांड्यांवर गुंडाळलेले धागे उशीवर पिळून केलेली लेस हे एक, क्रोशाच्या एका आकड्याने साखळ्या आणि खांब घालून केलेली वीण हे दुसरे, आणि दोन सुयांवर सुलट-उलट टाक्यांनी विणलेली जाळी हे तिसरे. गोव्यात पहिल्या दोन प्रकारांचा परिचय जुना आहे; स्कार्फाचा संबंध मात्र तिसऱ्याशी आहे.

सुयांवरच्या जाळीचे तत्त्व अगदी साधे आहे. धागा सुईवरून एक वेढा घेऊन पुढे नेला की तेथे एक छिद्र पडते आणि एक टाका वाढतो. तो वाढलेला टाका भरून काढण्यासाठी जवळपास कुठेतरी दोन टाके एकत्र विणावे लागतात; यालाच घट म्हणतात. हे ‘जवळपास कुठेतरी’ महत्त्वाचे आहे. घट छिद्राला लागूनच घेतली तर जाळी सरळ राहते, आणि दूर नेली तर मधले टाके कलतात व कापडावर लाटा किंवा पाने उमटतात. हे तंत्र सोळाव्या शतकात युरोपात चांगलेच रुळले होते. १५६२ साली फ्लॉरेन्समध्ये दफन झालेल्या, तेथील ड्यूकची पत्नी असलेल्या टोलेडोच्या एलिओनोराच्या पायांत लाल रेशमाचे, जाळीच्या नक्षीचे विणलेले मोजे होते, आणि ते आजही जतन केलेले आहेत.

परंतु मोज्यांवरची नक्षी गळ्यात आणि खांद्यावर आली ती एकोणिसाव्या शतकात, स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांवर. तेथील मेंढ्यांच्या मानेजवळची लोकर अतिशय मऊ असते आणि ती कातरण्याऐवजी हाताने उपटून काढण्याची रीत होती. त्यांपैकी उन्स्ट बेटावरील स्त्रिया त्या लोकरीचे सूत इतके बारीक कातत की त्या सुताची मोठी चौकोनी शाल बोटातल्या अंगठीतून आरपार ओढता येई. बेटांचा पुत्र आर्थर अँडरसन याने १८३७ साली नुकत्याच गादीवर आलेल्या व्हिक्टोरिया राणीला तेथील बारीक मोजे भेट दिले, आणि १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनात शेटलंडच्या शाली झळकल्या. हाच अँडरसन पुढे पी. अँड ओ. झालेल्या आगबोट कंपनीच्या संस्थापकांपैकी एक होता. त्याच कंपनीच्या बोटींवर गोव्याच्या कित्येक तारवटींनी (बोटीवर काम करणाऱ्यांनी) आचारी आणि वाढपी म्हणून आयुष्ये काढली.

शालींच्या कौतुकाची दुसरी बाजू कमी सांगितली जाते. विणणाऱ्या स्त्रियांना व्यापारी बहुधा रोख पैसे देत नसत. शालीच्या बदल्यात चहा किंवा कापड घ्यावे लागे, आणि तेही त्याच व्यापाऱ्याच्या दुकानातून. या पद्धतीची चौकशी करण्यासाठी ब्रिटिश सरकारने नेमलेल्या आयोगाचा शेटलंडविषयीचा अहवाल १८७२ साली प्रसिद्ध झाला. अशी शाल जेव्हा एखादी स्त्री आपल्या माणसासाठी विणत असे, तेव्हा तिची किंमत निदान तिला स्वतःला ठरवता येत असे.

रशियातील ओरेनबुर्गमध्ये हेच काम शेळ्यांच्या जाड केसांखालच्या मऊ लवेवर झाले. वसंतात ती लव विंचरून काढतात. एस्टोनियातील हापसालू या समुद्रस्नानासाठी प्रसिद्ध असलेल्या गावात एका टाक्यातून पाच किंवा सात टाके काढून पुढच्या ओळीत ते एकत्र विणण्याची, बारीक गाठीसारखी नक्षी रूढ झाली.

भारतात ही कला मिशनऱ्यांबरोबर आली असे सरसकट म्हटले जाते, पण ते अर्धेच खरे आहे. नागरकोइल येथे १८२० च्या दशकात मिशनरी स्त्रियांनी मुलींना शिकवली ती दांड्यांवरची लेस होती. गोव्यात त्याहीपूर्वी, १६०६ साली स्थापन झालेल्या जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात जोगिणी सुईकाम करीत, आणि वेदीवरची वस्त्रे व पाद्रींचे झगे यांच्या कडांना लेस असे. धागा अर्थातच सुती किंवा रेशमी होता. दमट हवेत लोकरीचा उपयोग नव्हता.

हिंदू घरांत विणकाम वेगळ्या दाराने शिरले. रुखवतात मांडलेले क्रोशाचे रुमाल आणि तोरणे, आणि बाळंतविड्यातील लोकरीचे टोपडे, मोजे व लहानशी शाल हे आपल्या समाजाचे विणलेल्या भेटीचे ठरलेले प्रसंग झाले. माझ्या मते जाळीचा स्कार्फ बाळंतविड्याचाच वारस आहे, कारण सुलट-उलट टाक्यांचा सराव असलेल्या हातांना जाळीसाठी फक्त वेढा आणि घट शिकावी लागते.

राहते ते धुणे. जाळी सुयांवरून उतरते तेव्हा चुरगळलेल्या फडक्यासारखी दिसते. ओली करून, ताणून, कडेने टाचण्या टोचून वाळवल्यावरच तिची नक्षी उघडते. शेटलंडमध्ये शाली लाकडी चौकटीवर ताणून वाळवत. गोव्यात आषाढ-श्रावणात ताणलेली लोकर दोन-दोन दिवस ओलसर राहते आणि तिला कुबट वास येतो, म्हणून नाताळला पोचवायचा स्कार्फ पावसात विणून ठेवतात आणि दसऱ्यानंतर ऊन पडू लागले की मगच त्याला पाणी लावतात.