मूकपटातले विनोदवीर खरंच इतके तुरुतुरु चालायचे?

अमेरिकेतल्या व्हॉदव्हिल (नाच, गाणी, विनोद यांचे मिश्र खेळ) रंगमंचावरून सिनेमात आलेले विनोदवीर मुळातच असे तुरुतुरु चालत, हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. पडद्यावर दिसतंही तसंच, त्यामुळे पटणं साहजिक आहे. पण तेव्हाचे कॅमेरे बहुधा हाताने दांडा फिरवून चालवत. सेकंदाला साधारण १६ ते २० चौकटी, म्हणजे फ्रेम. बोलपट आले आणि १९२० च्या दशकाअखेरीस २४ हा वेग ठरला. १६ ने टिपलेलं २४ ने दाखवलं, की चाल दीडपट! गंमत म्हणून कधी दांडा मुद्दाम हळू फिरवत, म्हणजे पडद्यावर चाल आणखी जलद दिसे, हेही खरं. तपासायचंय? मोबाईलवर व्हिडिओचा वेग ०.७५ करा आणि नटाकडे नाही, मागच्या रस्त्यावरच्या घोड्याकडे बघा. तोही शांतपणे चालू लागतो, आणि घोडा काही व्हॉदव्हिलमधून आलेला नव्हता.