ओ ग्रुपवाल्यांच्या तोंडात बुरशी जास्त, हे आलं कुठून

आमच्या आत्याच्या जिभेवर पांढरा थर आला, फुटलेल्या दह्यासारखा, फडक्यानं पुसला की खाली लालभडक. शेजारच्या काकू म्हणल्या, "तुमचं रगत ओ हाय ना, मग हे होनारच." आमच्या बीडकडं असं एकदा कुणी बोललं की ते गावभर होतं. आत्या तर घाबरूनच गेली, रगत काय बदलता येतंय का. म्हणून मी बसून वाचून काढलं, आणि काकू अगदीच हवेत बोलत नव्हत्या.

असा थर ज्या कॅन्डिडा बुरशीमुळं येतो, तिची ओळख जुनी. 1839 मध्ये जर्मनीत लांगेनबेकनं पेशंटच्या तोंडातल्या अशा थरात ती पाहिली, आजचं कॅन्डिडा हे नाव 1923 मध्ये बर्कहाउट बाईंनी दिलं. लॅटिनमध्ये कॅन्डिडा म्हणजे पांढरी आणि पुढचं अल्बिकन्स म्हणजे पांढरं होत जाणारं, म्हणजे नावातच दोनदा पांढरं. रक्तगटाची गोष्ट वेगळीच चालू होती, 1901 मध्ये व्हिएन्नात लँडस्टायनरनं गट दाखवले, तेव्हा ओ ला तो सी म्हणायचा.

या दोन गोष्टी जोडल्या गेल्या त्या थुंकीमुळं, आणि मला हाच भाग सगळ्यात भारी वाटतो. रक्तगटाची खूण नुसती रक्तात नसते, साधारण दहातल्या आठ जणांच्या लाळेतही उतरते, त्यांना सिक्रीटर म्हणतात, आणि ही गोष्ट आईबापाकडून येते हे 1932 मध्ये शिफ आणि सासाकी यांनी मांडलं. ओ वाल्यांची खूण म्हणजे एच, ही एक प्रकारची साखरच. हा एच अजिबात नसलेली माणसं 1952 मध्ये आपल्या मुंबईत डॉ. भेंडे यांना सापडली, तोच तो बॉम्बे ब्लड ग्रुप.

मग 1988 मध्ये बर्फर्ड-मेसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी लोकांची तोंडं तपासली, तर ओ गटात आणि लाळेत खूण न उतरणाऱ्यांत कॅन्डिडा जास्त जणांकडं निघाली. कारण असं मांडलं जातं की ही बुरशी गालाच्या आतल्या पेशींवरच्या एच सारख्या साखरेला चिकटते, आणि लाळेत तीच साखर मोकळी फिरत असली की बुरशी तिलाच धरून बसते, गालाला कमी लागते. पण नंतरच्या काही अभ्यासांत हा संबंध दिसला नाही, आणि मुळात तोंडात बुरशी असणं म्हणजे आजार नाही, धडधाकट माणसांच्या तोंडातही ती गुपचूप असते.

आत्याचं खरं कारण घरातच निघालं. कवळी रात्रीसुद्धा तोंडातच, वर शुगर वाढलेली. डॉक्टरांनी क्लोट्रिमाझोलचं माउथ पेंट दिलं आणि कवळी रात्री काढून ठेवायला सांगितली. आता झोपताना ती घासून स्टीलच्या वाटीत पाण्यात टाकते, आणि काकू आल्या की वाटी आधी त्यांना दाखवते.