नागरिकांच्या अर्जावरचे झोनिंग (मोंटॅना)

अमेरिकेच्या मोंटॅना राज्यात शहरांच्या हद्दीबाहेरील जमिनीच्या वापरावर नियम घालण्याची, म्हणजे झोनिंगची, एक पद्धत. या पद्धतीत नियमांची मागणी सरकार करत नाही, त्या जमिनीचे मालकच करतात. १९५३ च्या कायद्याने ती सुरू झाली. राज्याच्या कायदेसंहितेतील संबंधित प्रकरणाच्या पहिल्या भागात तिची कलमे असल्याने काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) कचेरीत तिला नुसते ‘पार्ट वन’ म्हणतात. काउंटी स्वतःहून जे झोनिंग करते ते ‘पार्ट टू’. त्यासाठी काउंटीचे विकास धोरण आधी मंजूर असावे लागते. पार्ट वनची गाडी शेजाऱ्यांच्या सह्यांवर चालते. आपल्याकडे आराखडा आधी प्रसिद्ध होतो आणि मग लोक सूचना-हरकती देतात. इथे तो क्रम उलटा आहे.

मोंटॅना आकाराने महाराष्ट्राहून मोठे आहे, सुमारे ३,८१,००० चौ. किमी. २०२० च्या जनगणनेत मात्र तिथली लोकसंख्या १०,८४,२२५ होती, म्हणजे आपल्या एखाद्या मध्यम शहराएवढी. राज्यात ५६ काउंट्या आहेत आणि बहुतेकींचा कारभार तीन निवडून आलेले आयुक्त पाहतात. काउंटीतील बराचसा भाग कुठल्याच झोनमध्ये नसतो. प्लॉट पाडण्याचे आणि सांडपाण्याचे राज्याचे कायदे तिथेही लागू असतात, पण जमिनीवर घर बांधायचे, गोदाम उभारायचे की खडीची खाण काढायची, हे बव्हंशी मालकाच्या मर्जीवर असते. अनेकांना ते तसेच हवे असते. ‘माझी जमीन, मी बघेन’ ही तिथली जुनी वृत्ती आहे आणि ‘झोनिंग’ हा शब्द काही गावांत शिवीसारखा उच्चारला जातो. त्यामुळे जिथे वरून नियम लादणे राजकीयदृष्ट्या अवघड, तिथे खालून मागितलेले नियम तरी चालतील, असा या कायद्याचा हिशेब दिसतो.

अर्ज असा होतो. प्रस्तावित क्षेत्र निदान ४० एकरांचे हवे आणि ते शहराने आधीच झोन केलेल्या भागात नसावे. त्यातील ६० टक्के जमीनमालकांच्या सह्या झाल्या की अर्ज आयुक्तांपुढे जातो. मग लोकहिताचे वाटल्यास आयुक्त नियोजन व झोनिंग क्षेत्र जाहीर करू ‘शकतात’. या ‘शकतात’ला महत्त्व आहे. सह्या पुरेशा असल्या तरी आयुक्त नाही म्हणू शकतात.

४० एकरांचा आकडा हवेतून आलेला नाही. अमेरिकी सरकारी मोजणीत एक चौरस मैलाचा ‘सेक्शन’ ६४० एकरांचा. त्याचा पाव १६०, आणि त्याचाही पाव ४०. हा चौरस तुकडा एका बाजूने पाव मैल, म्हणजे सुमारे ४०० मीटर भरतो. गुंठ्यांत सांगायचे तर १,६०० गुंठे. तिथे तो जमिनीच्या व्यवहारातला लहानसा तुकडा समजला जातो.

सगळी गोम मोजणीत आहे. सह्या मोजताना मालकांची डोकी मोजली जातात, त्यांचे एकर नाहीत. अर्ध्या एकराच्या प्लॉटवाल्याची सही आणि हजार एकरांच्या रँचवाल्याची (गुरे पाळणाऱ्या मोठ्या जमीनमालकाची) सही सारखीच. उताऱ्यावर नवरा-बायको दोघांची नावे असली तर मालक एक की दोन? जमीन ट्रस्टच्या किंवा कंपनीच्या नावावर असेल तर सही कोणाची धरायची? असे प्रश्न नोंदणी कचेरीतल्या कागदांवर बोट ठेवून सोडवावे लागतात. भाडेकरू या हिशेबात कुठेच नाही. तो वीस वर्षे तिथे राहत असला तरी अर्जाच्या दृष्टीने तो नाहीच. मोंटॅनाच्या १९७२ च्या राज्यघटनेने लोकसहभाग आणि माहिती मिळणे हे नागरिकांचे हक्क मानले आहेत. त्यामुळे सुनावणीत त्याला बोलता येते, पण सहीचा रकाना मालकांपुरताच आहे.

क्षेत्र जाहीर झाल्यावर विरोधकांनाही मोजणीची संधी मिळते. क्षेत्रातील ५० टक्के मालकीचे प्रतिनिधित्व करणाऱ्या मालकांनी ३० दिवसांत विरोध नोंदवला तर क्षेत्र रद्द होते आणि ती जमीन वर्षभर नव्या अर्जात घेता येत नाही. क्षेत्राच्या निर्मितीला कोर्टात आव्हान द्यायचे असेल तर सहा महिन्यांची मुदत आहे.

पुढचे काम सात सदस्यांच्या नियोजन व झोनिंग आयोगाचे. त्यात तिन्ही आयुक्त, काउंटीचे दोन अधिकारी आणि दोन नागरिक असतात. आयोग क्षेत्राचा विकास आराखडा ठरवतो. घरांची दाटी, इमारतींची उंची, रस्त्यापासूनचे अंतर, कुठे दुकान चालेल आणि कुठे नाही, हे सारे त्यात येते. जाहीर सुनावणीनंतर आराखडा मंजूर होतो. आयोगाच्या खर्चासाठी त्या क्षेत्रातील मालमत्तेवरच कर बसवता येतो. नियम मागणाऱ्यांनी त्याची किंमतही द्यावी, असा हा रोखठोक व्यवहार आहे.

या पद्धतीचा बराच उपयोग गॅलटिन काउंटीत झाला. बोझमन हे तिथले मुख्य शहर. शहराच्या ईशान्येकडील ब्रिजर कॅन्यनचे क्षेत्र १९७१ मध्ये झाले. याच खोऱ्यात ब्रिजर बोल हे स्कीचे ठिकाण आहे, म्हणजे बांधकामाचा दबाव कुठून येणार हे उघड होते. तिथल्या मुख्य झोनमध्ये ४० एकरांमागे एक घर चालते. घरे एका कोपऱ्यात एकत्र बांधून बाकीची जमीन मोकळी ठेवली तर काही जास्त घरांची सवलत मिळते. परिणाम रस्त्यावरूनही दिसतो. एक घर, मग बराच वेळ कुरण आणि झाडी, मग पुढचे घर. दृश्य सुंदर आहे, पण ४० एकर घेण्याची ऐपत कोणाची? बोझमनच्या हॉटेलांत आणि बांधकामांवर राबणाऱ्यांची नक्कीच नाही. खोऱ्याचे रूप टिकले आणि खोरे श्रीमंतांचे झाले, या दोन्ही गोष्टी एकाच नियमातून घडल्या, हे मान्य करायला समर्थक सहसा तयार नसतात.

कायद्याने शेतीला हात लावलेला नाही. चराई, फळबाग, शेती आणि इमारती लाकडाची लागवड यांसाठी वापरात असलेल्या जमिनीवर या क्षेत्राचे नियम चालत नाहीत. क्षेत्र होण्यापूर्वीपासून चालू असलेला वापर नियमांत बसत नसला तरी पुढे चालू ठेवता येतो. म्हणून रँचवाल्यांची तक्रार आजच्या गुरांबद्दल नसते, उद्याच्या विक्रीबद्दल असते. म्हातारपणी जमीन तुकडे करून विकायची हाच अनेकांचा भविष्यनिर्वाह निधी, आणि नेमका त्यावर नवे शेजारी सह्यांनी मर्यादा घालतात.

एकदा ठरलेला झोन बदलताना अर्ज, नोटीस आणि सुनावणी या पायऱ्या पुन्हा येतात. इथे कोर्टाची नजर असते ती एकट्या मालकाच्या सोयीसाठी नकाशावर ठिगळ लावले जाते की काय यावर. अशा बदलाला तिथे ‘स्पॉट झोनिंग’ म्हणतात. फ्लॅटहेड काउंटीतील एका मॉलच्या जागेवरून झालेल्या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये तीन कसोट्या घालून दिल्या: मागितलेला वापर आसपासच्या वापराहून फार वेगळा आहे का, लाभ मोजक्याच मालकांना होतो का, आणि बदल म्हणजे इतरांच्या जिवावर एकासाठी केलेला खास कायदा ठरतो का. आजही झोनबदलाच्या अहवालांत हे तीन प्रश्न विचारले जातात.

विरोधाच्या मोजणीचा सर्वांत गाजलेला वाद पार्ट टूमधला आहे. मिसूला काउंटीत लोलो गावाच्या उत्तरेला खडीच्या खाणीची चर्चा सुरू झाली. ट्रक, धूळ, विहिरींचे पाणी, अशा भीतीने रहिवासी हलले आणि काउंटीने झोनिंग हाती घेतले. पण पार्ट टूमध्ये तेव्हा एक कलम होते. क्षेत्रातील शेती आणि वनजमिनीच्या निम्म्या मालकीने विरोध केला की झोनिंग थांबे. इथे डोकी नव्हे, जमीन मोजली जाई. त्यामुळे मोजके मोठे मालक पुरेसे होते. तसेच झाले, आणि रहिवासी कोर्टात गेले. ‘विल्यम्स’ खटल्यात २०१३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवले. खासगी मालकांच्या हाती नकाराधिकार दिला, पण तो कोणत्या निकषावर वापरायचा हे सांगितले नाही, आणि निवडून आलेल्या आयुक्तांना तो ओलांडण्याची वाटही ठेवली नाही, हे आक्षेप कोर्टाने मान्य केले.

हाच तर्क पार्ट वनच्या ५० टक्क्यांच्या कलमालाही सहज लावता येईल. मात्र तिथे एक फरक आहे: क्षेत्राची मूळ मागणीच मालकांची असते आणि आयुक्तांनी नाही म्हटले तर मालक काही करू शकत नाहीत.