मॅक्स श्रेक हा खराखुरा माणूस होता

१९२२ साली आलेल्या ‘नोस्फेराटू’ या जर्मन मूकपटात मॅक्स श्रेकने साकारलेला काउंट ऑर्लोक हा रक्त पिणारा पिशाच एकदा पाहिला की विसरता येत नाही. म्हणूनच एक अफवा वर्षानुवर्षं फिरते आहे: मॅक्स श्रेक नावाचा नट कधी नव्हताच, ते कुणाचं तरी टोपणनाव होतं, किंवा तो खरोखरच रक्तपिपासू होता. जर्मनमध्ये ‘श्रेक’ म्हणजे धडकी, त्यामुळे संशयाला बळ मिळालं. २००० साली याच कल्पनेवर एक चित्रपट आला, आणि कल्पित गोष्ट अनेकांना इतिहास वाटू लागली.

श्रेक हे त्याचं जन्माचं आडनाव. जन्म ६ सप्टेंबर १८७९, बर्लिन. बायको फॅनी नॉरमन, तीही अभिनेत्री. नाट्यदिग्दर्शक मॅक्स राइनहार्टच्या बर्लिनमधल्या नाटकमंडळीत तो होता, नंतर म्युनिकच्या काम्मरश्पीले या नाट्यगृहात. ज्या वर्षी ऑर्लोक पडद्यावर आला, त्याच वर्षी म्युनिकमध्ये नाटककार ब्रेश्टच्या नाटकाच्या पहिल्या प्रयोगात श्रेक दारूच्या गुत्त्याचा मालक झाला होता! ऑर्लोकचा दिग्दर्शक मुर्नाऊ, त्याच्याच १९२४ च्या विनोदी चित्रपटातही तो दिसतो.

त्याचा शेवट मला फार हलवून जातो. १९ फेब्रुवारी १९३६ च्या रात्री म्युनिकमध्ये एका सहकलाकाराच्या जागी त्याने शिलरच्या ‘डॉन कार्लोस’ नाटकातला ग्रँड इन्क्विझिटर, म्हणजे चर्चचा मुख्य धर्मन्यायाधीश, उभा केला. दुसऱ्या दिवशी हृदयविकाराने तो गेला, वय ५६. अशा कसलेल्या रंगकर्मीला पिशाच ठरवणं म्हणजे त्याची सगळी मेहनत पुसून टाकणं. ऑर्लोकची ती नखं, ते कान रंगभूषेचे होते. ती ताठ, संथ चाल मात्र त्याची स्वतःची कमाई.