मखमली पानातली रात्रीची आंब

नाशिकला गंगापूर रोडच्या बाजूला एका नर्सरीत मागच्या महिन्यात कमरेएवढं झाड दिसलं. हत्तीच्या कानासारखी पानं, कडा नागमोडी, आणि हात फिरवला तर थेट घोंगडीची आठवण व्हावी. कुंडीवर चिठ्ठी होती: ‘रात्री ऑक्सिजन देणारे झाड. बेडरूमसाठी उत्तम.’ नाव विचारलं तर काका म्हणाले, “बिहारी आहे साहेब. कितीबी ऊन सोसतं.”

झाड बिहारचं नाही. त्याचं नाव कालांकोई बेहारेन्सिस, आणि त्यातलं बेहारा हे गाव मादागास्करच्या दक्षिण टोकाकडच्या कोरड्या, काटेरी रानात आहे. शाळेत वहीत ठेवायचो ती पानफुटी याचीच चुलत बहीण, तीही मूळची मादागास्करची. तिकडे हे झाड दोन पुरुष उंच जातं. मी ते घेतलं, पण चिठ्ठी तिथेच ठेवून आलो. घरी येईपर्यंत डोक्यात एकच विषय घोळत होता: हे झाड रात्री नेमकं करतं काय?

झाडाची अडचण आधी समजून घेऊ. अन्न करायला कार्बन डायऑक्साइड हवा, तो घ्यायला पर्णरंध्रं, म्हणजे पानावरची बारीक भोकं, उघडायला हवीत, आणि ती उघडली की पाणी उडून जातं. किती उडेल हे पानाच्या आतल्या आणि बाहेरच्या हवेतल्या बाष्पाच्या फरकावर ठरतं. पानाच्या आतली हवा जवळपास कायम बाष्पाने भरलेली असते. एप्रिलच्या दुपारी ४० अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता धरा. आत बाष्पाचा दाब ७.४ किलोपास्कल, बाहेर जेमतेम १.१. फरक सहाच्या वर. त्याच दिवशी पहाटे २२ अंश आणि ४० टक्के आर्द्रता असेल तर आत २.६, बाहेर १.०५, म्हणजे फरक दीडच्या थोडा वर. तेवढंच भोक, पण गळती एक चतुर्थांश. दुपारी दोरीवर टाकलेलं धोतर अर्ध्या तासात वाळतं आणि रात्री टाकलेलं सकाळीही दमट लागतं, त्यातलाच हा हिशोब.

म्हणून हे झाड दिवसा दारं लावून घेतं आणि रात्री उघडतं. पण रात्री ऊन नाही, मग आलेल्या कार्बन डायऑक्साइडचं करायचं काय? साठवायचं. दिवसा केलेला स्टार्च रात्री फोडून त्यातून तीन कार्बनांचा एक रेणू तयार होतो, फॉस्फोइनॉलपायरुव्हेट. त्याला बायकार्बोनेटच्या रूपात आलेला चौथा कार्बन चिकटतो, ऑक्झॅलोअॅसिटेट बनतं, त्याचं मॅलिक आम्ल होतं आणि ते पेशीतल्या मोठ्या रिक्तिकेत, म्हणजे पाणी साठवणाऱ्या पिशवीत, पंप केलं जातं. (एवढी नावं नाही लक्षात राहिली तरी चालेल. मॅलिक आम्ल तेवढं धरून ठेवा.) हरभऱ्याच्या पानांवरची आंब आठवते? पहाटे शेतात फडकं फिरवून गोळा करतात ती? तिच्यातही मॅलिक आम्ल असतं. हरभरा आंब पानाबाहेर सोडतो, आपलं मखमली झाड ती पानाच्या आत भरून ठेवतं. पान जाडजूड असतं ते केवळ पाण्यासाठी नाही, या आंबेला रांजणही लागतो.

उजाडलं की रंध्रं बंद. रिक्तिकेतलं आम्ल बाहेर काढून फोडलं जातं आणि सुटलेला कार्बन डायऑक्साइड बंद पानात कोंडला जातो, बाहेरच्या हवेच्या कितीतरी पट. त्यावर सूर्यप्रकाशात साखर तयार होते. या पद्धतीला कॅम (क्रॅस्युलेशियन अॅसिड मेटाबॉलिझम) म्हणतात. एक ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळवताना गहू किंवा द्राक्षवेल ४०० ते ५०० ग्रॅम पाणी घालवते, ज्वारी २५० ते ३००, कॅमवाली झाडं ५० ते १००.

आता त्या चिठ्ठीकडे. ऑक्सिजन निघतो पाणी फुटून, आणि पाणी फुटायला उजेड लागतो. रात्री झाड कार्बन डायऑक्साइड घेतं हे खरं, पण ऑक्सिजन देत नाही, उलट आपल्यासारखाच थोडा वापरतं. घेतं तरी किती? अर्धा चौरस मीटर पानं धरली आणि हात सैल सोडून हिशोब केला तरी रात्रीत चार-पाच ग्रॅम. झोपलेला एक माणूस तेवढ्या वेळात पाव किलोच्या आसपास सोडतो. म्हणजे खोलीत पन्नासेक झाडं हवीत, आणि मग खाट अंगणात. ‘नासाने सिद्ध केलंय’ हे अशा झाडांबद्दलचं पालुपद १९८९च्या ज्या अभ्यासावरून आलं, तो बंद पेटीतल्या बेन्झिन, फॉर्माल्डिहाइड अशा वायूंबद्दल होता. रात्रीच्या ऑक्सिजनचा त्यात विषयच नव्हता.

ही आंब पहिल्यांदा नीट टिपली ती भारतातच. बेंजामिन हाइने नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ इथे काम करत होते. पानफुटीचं पान सकाळी आंबट लागतं, दुपारी बेचव आणि संध्याकाळकडे कडसर, असं त्यांनी पत्रातून लंडनला कळवलं. ते १८१५ मध्ये छापून आलं. त्यांनी चावून पाहिलं, तुम्ही पाहू नका. कालांकोईच्या बऱ्याच जातींत हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्यं असतात, ती पानं खाऊन गुरं दगावतात. मुतखड्यावर पानफुटी खाणाऱ्यांनीही हे ऐकून ठेवावं. मी पीएच पट्टी वापरली, पीएचचा आकडा जितका कमी तितकं आंबट. सकाळी सहाला चेचलेल्या तुकड्याने पट्टी केशरी केली, पीएच चारच्या आसपास. संध्याकाळी पाचला त्याच पानाच्या तुकड्याने पिवळसर, पीएच साडेपाचच्या पुढे.

काकांचं “कितीबी ऊन” मात्र पुन्हा तपासायला हवं. उन्हाला पानांवरची लव थोडी पुरते. ती प्रकाश परतवते आणि पानालगत स्थिर हवेचा थर धरून ठेवते. खरी परीक्षा गरम रात्रीची. रात्र तापली की रिक्तिकेतलं आम्ल झिरपू लागतं, ते आंब बनवणाऱ्या विकरालाच (एन्झाइमला) अडवतं, श्वसनातही साखर जास्त जळते. २०२३च्या जुलैत अमेरिकेतल्या फीनिक्स शहरात पारा सलग ३१ दिवस ४३ अंशांवर गेला, आणि त्यातल्या सलग १६ रात्री तो ३२ अंशांखाली उतरलाच नाही. तेव्हा तिथले सग्वारो निवडुंगसुद्धा कोसळले, जे कॅमवालेच आणि त्या वाळवंटाचे मूळ रहिवासी. तिथे बागेत बेहारेन्सिस लावणारे त्याला दुपारची सावली देतात, पण रात्र थंड करणं कुणाच्या हातात आहे?

नाशिकला ती अडचण नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहोत, उन्हाळ्यातही पहाट उतरते. याच गार रात्रींमुळे द्राक्षातलं मॅलिक आम्ल पटकन जळून जात नाही, वाइनवाल्यांना ते फार प्रिय. आपली संकटं वेगळी. पहिलं काळी माती. तिच्यात पावसाळाभर मुळं बुडून सडतात, म्हणून मी मुरूम, जाड वाळू आणि विटांचा चुरा घेतला, शेणखत मूठभरच. दुसरं, लवेत अडकलेलं पावसाचं पाणी डाग पाडतं. जून ते सप्टेंबर कुंडी पत्र्याच्या पडवीखाली. तिसरी थंडी. निफाडकडे बागेत पहाटे शेकोट्या पेटू लागल्या की समजावं, कुंडी भिंतीच्या आडोशाला सरकवायची आणि पाणी जवळजवळ बंद करायचं. नर्सरीच्या शेडनेटमधून आणलेलं रोप एकदम गच्चीवर ठेवलं तर मात्र पानं भाजतात, पंधरा दिवस सावलीतून उन्हात सरकवत न्यावं.

आणि मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण. द्राक्षबागायतदाराला वेगळं सांगायला नको, पण इथे पांढऱ्या लवेवर पांढरा किडा, दिसतच नाही. पानाच्या बेचक्यात बोट घालून चिकट लागतंय का पाहायचं. मला तो दिसला तेव्हा एक पान तोडावं लागलं. ते पुसून चार दिवस वाळवलं, वाळूवर ठेवलं, आणि आता देठाकडच्या जखमेतून गव्हाच्या दाण्याएवढे तीन कोंब आलेत. त्यांनाही लव आहे.